हवालदाराचा मागचा डावा पाय

तीर्थरूप आत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा नमस्कार. नव्याला जपून, कारण त्याचे टाके नुकतेच निघालेत; जुन्याला अंमळ जास्त वाकून, कारण त्याची पाळी अजून यायची आहे. व्यायाम करतेस ना? की काठी दाखवून ताईकडूनच करवून घेतेस? भावजींची तब्येत बरी असावी. सासूबाई, म्हणजे तू, दोन महिने त्यांच्याकडे राहायला येणार म्हणून आपण फार आनंदात आहोत, असं ते मला तीनदा म्हणाले होते. तेव्हापासून मला त्यांची काळजी वाटते. इकडे तुझ्या घरी आम्ही तिघंही मजेत आहोत, हे वाक्य पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं म्हणशील तर मजेत आहेत त्या फक्त तुझ्या मांजर बाईसाहेब. तुझा कुत्रा हवालदार मजेत नाही, मीही नाही, आणि दोघांच्या दुखण्याचं कारण एकच आहे: मी. घाबरू नकोस. हवालदार जिवंत आहे, जेवतो आहे, आत्ता माझ्या चपलेवर हनुवटी टेकून पडला आहे. पण त्याच्या मागच्या डाव्या गुडघ्यातली दोरी तुटली आहे (पशुवैद्यांचा शब्द लांबलचक आहे, मी सोपा करून लिहितो). आता घोटभर पाणी पी आणि पुढे वाच.

माझं आयुष्य बदललं तो क्षण मला घड्याळ लावून सांगता येतो. गेल्या महिन्यातला दुसरा मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं, आणि फोनवरून आलेले पाच शब्द: "आणि आता कसा आहे तो?" बस्स. एवढंच. पण कॉलेज सोडल्यापासून घरातल्या कुणीही माझ्याशी बोलताना प्रश्नचिन्हाच्या आधी इतका मऊ आवाज काढलेला नाही, हे तूही कबूल करशील. (बाबा विचारतात, "पुढे काय ठरवलंयस?" त्यात प्रश्नचिन्ह नसतं, सुरी असते.)

तू जाताना स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर सूचनांचा कागद चिकटवला होतास आणि त्याच्या शेजारी खिळ्याला तुझं भिंग टांगलं होतंस. 'हवालदार आणि बाईसाहेब यांचा विमा उतरवणे. किमान चार कंपन्या तपासणे. कोण काय देतं यापेक्षा कोण काय देत नाही ते आधी बघणे. बारीक अक्षर भिंगानं वाचणे. माणसाचा आणि कंपनीचा खरा स्वभाव बारीक अक्षरात असतो.' तीस वर्षं परीक्षांचे निकाल तपासलेल्या बाईनं लिहिलेला कागद तो, त्यात पळवाट कुठली असणार! आणि हेही सांगतो की मी काम प्रामाणिकपणे सुरू केलं होतं. वहीला समासही आखला होता. पहिल्या कंपनीत माणूसच नव्हता, एक यंत्र होतं. ते म्हणालं कुत्र्यासाठी एक दाबा, मांजरासाठी दोन दाबा, मी दोन्ही दाबलं तर त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या कंपनीतला गृहस्थ हवालदाराला 'नग' म्हणत होता. "तुमचा नग किती वर्षांचा?" मी त्याला त्याच्या आईवडिलांच्या नगाविषयी दोन शब्द ऐकवले, आणि ती चौकशी तिथेच संपली. (माझं डोकं तुला माहीत आहे. दूध तरी उतू जायच्या आधी वर येताना दिसतं.) तिसरीचा फोन लागेना. चौथीचा लागला.

तिथे फोन घेणारी मुलगी स्वतःचं नाव सांगत नाही. "टेबल सात, बोला," एवढंच म्हणते. मी तुझ्या कागदाबरहुकूम विचारलं की समजा विमा उतरवला आणि समजा कुत्र्याचं पोट बिघडलं, तर किती दिवसांनी भरपाई लागू होते? माझे दोन्ही 'समजा' तिच्या कानापर्यंत पोचलेच नाहीत. ती दिवसांचं काहीच बोलली नाही. तिनं ते पाच शब्द विचारले. आत्या, मी तिथेच म्हणायला हवं होतं की अहो, त्याला काही झालेलं नाही, तो आत्ता सोफ्याखालचा मोजा खातो आहे. माझ्या तोंडून निघालं, "जरा बरा आहे. पण अजून नीट जेवत नाही."

ही पहिली थाप. तुला वाटेल एकावर थांबला असेल. पण ती म्हणाली, "उद्या कळवा हं मला." आता एखाद्यानं 'उद्या कळवा' म्हटल्यावर न कळवणं हा उद्धटपणा नाही का? दुसऱ्या दिवशी पोट बरं झालं, पण कान दुखायला लागला. त्यानंतर शिंका. मग डोळ्यांतून पाणी, मग भिंतीकडे एकटक बघणं, मग रात्री दचकून उठणं (हे माझं होतं), मग अन्नावरची वासना उडणं (हेही माझंच), मग कुणीतरी येणार असल्यासारखं दाराकडे बघत बसणं (हे दोघांचं, पण तो तुझ्यासाठी बसायचा). मांजराची भीती वाटते, हेही मी सांगितलं. तेवढं एकच खरं. तीन आठवड्यांत अकरा फोन झाले आणि दहा आजार. ती दर वेळी फोनच्या सुरुवातीला सांगायची की हे संभाषण नोंदवलं जाईल. मला वाटायचं, वा! आमचं बोलणं कुणीतरी जपून ठेवतंय. इतका मी गाढव.

बाईसाहेबांविषयी मात्र तिनं विचारलं तेव्हा मी घाईघाईनं सांगून टाकलं की मांजर ठणठणीत आहे, तिचं सोडा. त्यामुळे आज परिस्थिती अशी आहे, की जिला गेल्या नऊ वर्षांत साधी उचकी लागलेली नाही ती डोळ्यांपासून शेपटीपर्यंत विम्यात आहे, आणि बिचारा हवालदार त्याच्या पुढच्या उजव्या पायाचं एक नख सोडलं तर जवळजवळ सगळाच विम्याबाहेर.

दहाव्या फोनला माझ्याकडचे आजार संपले. जीवशास्त्र मी अकरावीतच सोडलं होतं, त्याचा पहिल्यांदा पश्चात्ताप झाला. मग मी सांगितलं की तो लंगडतो. कुठला पाय, विचारलं तिनं. मागचा डावा, म्हटलं. का डावा, ते मलाच माहीत नाही, तोंडाला आला. अकराव्या फोनला तिनं सांगितलं की कागद तयार आहेत, शुक्रवारपासून विमा लागू होतो, न्यायला याल तेव्हा त्यालाही घेऊन या, मला त्याला बघायचंय. मी फोन ठेवला आणि तुझ्या स्वयंपाकघरात एकटाच हसलो. वही मिटली ती तेव्हा. चार कंपन्यांचा तुलनात्मक अभ्यास संपला. तुझं भिंग मी त्या आठवड्यात एकदाच वापरलं, कंपनीच्या माहितीपत्रकावर कर्मचाऱ्यांचा एक घोळक्यातला फोटो होता, त्यातली सातव्या टेबलाची कोण असेल ते बघायला. (चुकीची निवडली. ती तिथली लेखापालबाई निघाली. दोन नातवंडं आहेत तिला.)

इथून पुढचं लिहायला हात जड होतो.

ठणठणीत कुत्रा घेऊन तिच्यासमोर जायचं कसं? शुक्रवारी सकाळी मी हवालदाराच्या मागच्या डाव्या पायाला पट्टी बांधली. चांगली रुंद, पांढरी, कुणालाही लांबून दिसेल अशी. आत्या, तो उभा राहिला माझ्यासमोर शांतपणे, पाय वर धरून. बांधून झाल्यावर त्यानं माझा हात चाटला. त्याला वाटलं, आपल्याला खरंच काहीतरी झालंय आणि हा बरं करतोय. तुला वाटतं तो भोळा आहे, चोरालासुद्धा शेपटी हलवून आत घेईल म्हणून तू त्याला थट्टेनं हवालदार म्हणतेस. त्या दिवशी त्यानं चोराचा हात चाटला.

कंपनीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याच्या पायऱ्या इतक्या गुळगुळीत की त्यात आपला चेहरा दिसतो. दुसऱ्या मजल्याला सहा पायऱ्या उरल्या असताना पट्टीचं टोक सुटलं, त्याच्याच दुसऱ्या पायाखाली आलं, आणि तो मागे घसरला. मी गळ्यातली दोरी ओढली. ओढायला नको होती. या घरात मी त्याचं भुंकणंसुद्धा क्वचित ऐकलंय. जिन्यात तो जो केकाटला ना, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. वरचं काचेचं दार उघडून एक मुलगी धावत आली आणि पायरीवर बसली, त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "हवालदार, हवालदार, काही नाही हं, आलो आपण." तेव्हा मला कळलं टेबल सात ती कोण. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. पशुवैद्यांना फोन करायला म्हणून मी आत गेलो तर तिच्या टेबलावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती: 'शुक्रवार – हवालदार – मऊ बिस्किटं.' आणि शेजारी बिस्किटांचा पुडा. आत्या, ती तीन आठवडे कुणाची चौकशी करत होती, हे त्या चिठ्ठीत ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. भिंगाची गरजच नव्हती.

पशुवैद्य म्हणजे उंच, लांब बोटांचे, फार कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी पट्टी सोडली, पाय चाचपला, आणि विचारलं, "या पट्टीखाली आधी काय होतं?" मी म्हटलं, काही नाही. "मग पट्टी कशाला?" मी आयुष्यात बरेच पेपर कोरे दिलेत, पण इतक्या सोप्या प्रश्नाला कोरा पहिल्यांदाच. त्यांनी पट्टीची नीट गुंडाळी करून माझ्या हातात दिली. त्यापेक्षा कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

ऑपरेशनसाठी दोन आठवड्यांनंतरचा गुरुवार मिळाला. त्याच्या भरपाईचा अर्ज केला. चार दिवसांत नकार आला: मागच्या डाव्या पायाची तक्रार विमा उतरवण्याआधीपासून होती, स्वतः ग्राहकानेच तसं कळवलं होतं, सबब नाही. आता यात चूक कुणाची? माझी, शंभर टक्के माझी. पण आपल्याच चुकीचा कागद दुसऱ्यानं हातात दिला की माझं डोकं जास्त फिरतं. मी गेलो, त्यांच्या साहेबांसमोर उभा राहिलो आणि आवाज चढवला. मुक्या जनावराच्या जिवावर उठलात म्हणालो, बारीक अक्षरात माणसं गाडता म्हणालो (तुझंच वाक्य, पण चोरलं आणि तेही चुकीच्या जागी वापरलं). साहेब शांतपणे उठले, त्यांनी फाइल आणली आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात यादी वाचली. पोट, कान, शिंका, डोळे, भिंत, दचकणं, वासना उडणं, दाराकडे बघणं, मांजराची भीती, लंगडणं. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "अहो, हा कुत्रा अजून जिवंत कसा, याचीच आम्हाला काळजी होती. तुम्ही भांडायला काय आलात?" सगळे हसले. टेबल सात हसली नाही. ती यादीकडे बघत होती, मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मला दिसलं की तिला समजलं. अगदी सगळं.

मग मी माझी ठरलेली गोष्ट केली: दार आपटून निघालो. कॉलेजात सर म्हणाले होते, बाहेर जायचं असेल तर दार लावून जा. मी लावलं, तेव्हाचं हँडल अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. पण त्या ऑफिसच्या दाराला वर एक दांडा बसवलाय, दार आपोआप, आपल्या सवडीनं बंद होतं. आपटताच येत नाही. मी दोन्ही हातांनी ओढतोय आणि ते जावयासारखं रेंगाळतंय. काचेपलीकडून सगळं ऑफिस बघत होतं. रागानं निघून जाणाऱ्या माणसाला इतका वेळ तिष्ठत ठेवणारं दार मी जन्मात बघितलं नाही.

नंतरचे दोन दिवस मी हवालदाराला उचलून अंगणात नेत आणि आणत होतो. बावीस किलो भरतो. बाईसाहेब खिडकीत बसून बघतात. दुसऱ्या दिवशी तो झोपेत पाय हलवत होता, पळत असणार, आणि डावा पाय हलत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तो जिना चढलो.

या वेळी साहेबांकडे गेलो नाही. सातव्या टेबलासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, दिलेली माहिती चुकीची होती, दुरुस्त करायची आहे. तिनं खणातून एक अर्ज काढून दिला. त्यात एक चौकोन आहे: 'चुकीची माहिती देण्याचे कारण, सविस्तर.' आत्या, बाकीच्यांना अशा गोष्टी बागेत नाहीतर पत्रातून सांगायला मिळतात. मला मिळाला चार बोटांचा चौकोन, आणि त्यातही 'सविस्तर'. मी लिहिलं. की कुत्रा पूर्ण निरोगी होता, दहापैकी एकही आजार खरा नव्हता (मांजराची भीती हा आजार धरत नसल्यास), पट्टी मी खोटी बांधली, त्याच पट्टीमुळे तो पडला. आणि हे सगळं मी टेबल सातचा आवाज रोज ऐकायला मिळावा म्हणून केलं. खाली सही केली. माझी सही इतकी सरळ कधी आली नव्हती.

तिनं वाचलं. दोनदा. चेहरा लाल झाला असं लिहायला मला आवडलं असतं, पण नाही झाला. म्हणाली, "एक विचारू? तो आजारी आहे असं सांगताना तुम्ही इतके खुशीत का असायचात, तेच मला कळत नव्हतं. मी घरी जाऊन आईला सांगायची, बिचाऱ्या कुत्र्याचं कसं होणार, त्याच्या माणसाला काही वाटतच नाही." 'त्याचा माणूस' म्हणाली ती मला, एवढंच पदरात पडलं, आणि तेही कुठल्या वाक्यात!

मग ती ते संगणकात घालायला लागली. तिथे कारणाला चौकोन नाही, तिथे तीनच पर्याय असतात: विसर, गैरसमज, इतर. तिची बोटं थांबली. मी बघत होतो. खाली मान घालूनच तिनं विचारलं, "यातलं कुठलं टाकू?" आत्या, 'इतर'मध्ये बरंच काही मावलं असतं. दहा दिवसांपूर्वीचा मी असतो तर 'इतर'वर अडून बसलो असतो, भांडलोही असतो. पण तिच्या टेबलावर ती चिठ्ठी अजून होती, फक्त शुक्रवार खोडून तिथे 'गुरुवार – ऑपरेशन?' असं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "गैरसमज टाका." तिनं टाकलं. म्हणाली, निर्णय वरचे साहेब घेतील, मी हो किंवा नाही काहीच सांगू शकत नाही. मी बरं म्हटलं आणि बाहेर आलो. दाराला हात लावला नाही. ते मिटेपर्यंत तिथे उभा मात्र राहिलो, घाई नव्हती.

बाकी सगळं क्षेम. तुझ्या कुंड्यांना पाणी घालतो. ताईला आशीर्वाद देण्याएवढा मी मोठा नाही, तेव्हा तिला फक्त सांग की 'तुझ्या हातून काही धड होणार नाही' असं ती मला म्हणाली होती, ते मी आता वादातून वगळतो आहे.

तुझा,
भाचा

ता. क. सोबत दोन कागद आहेत. एक कंपनीचा, त्यावर तू मालकीण म्हणून सही करायची. तो राहिला तरी चालेल. दुसरा पशुवैद्यांचा, ऑपरेशनला मालकाची संमती. तो मात्र परतीच्या टपालानं पाठव, निळ्या शाईत. कंपनीनं नाही म्हटलं तरी गुरुवारी ऑपरेशन करायचं त्यांनी कबूल केलंय. बदल्यात मी रोज सकाळी त्यांच्याकडचे पिंजरे धुतो. परवापासून जातोय. (बाबांना मी नोकरीला लागलो एवढंच सांग, पिंजऱ्यांचं सांगू नकोस.) हे पत्र लिहायचं खरं कारण ही सही आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, मी ओरडलो असतो, आणि सही राहिली असती.

दुसरा ता. क. वरातीमागून घोडं, पण काल मी चारही कंपन्यांचं बारीक अक्षर भिंगानं वाचून काढलं. पहिली आठ वर्षांवरचा कुत्रा घेतच नाही. दुसरी घेते, पण आपल्याच ठरलेल्या दवाखान्यांत, आणि सगळ्यात जवळचा तीन तासांवर आहे. तिसरी मांजराला सगळं देते आणि कुत्र्याला दातही नाही. चौथी, म्हणजे टेबल सातची, सगळ्यांत चांगली: अपघाताला पहिल्या दिवसापासून भरपाई, वयाची अट नाही, आणि गुडघ्याचा उल्लेख तर नावानिशी. म्हणजे मी आंधळेपणानं अगदी बरोबर कंपनी निवडली होती, आणि काहीच बोललो नसतो तर आज सगळं मिळालं असतं.

तिसरा ता. क. बाईसाहेबांना सकाळपासून शिंका येताहेत. खऱ्या. तू म्हणशील तर शपथ घेतो. मी फोन केलेला नाही आणि करणारही नाही. तुला जमलं तर तू कर, मालकीण आहेस. चौकशी शिंकांचीच कर, माझी नको. पण तिनं आपण होऊन हवालदाराचं काही विचारलं, तर कुठल्या शब्दांत विचारलं, ते तेवढं लिही.

चौथा, आणि शेवटचा. टपालपेटी उघडायच्या आत हे टाकून येतो. हवालदारानं आत्ताच चपलेवरून हनुवटी काढून जमिनीवर टेकली आहे, तेवढ्यात चप्पल काढून घेतली. त्याचा डोळा लागला आहे. मी निघतो. दार हळूच ओढून घेतोय.